सात ओव्यांची वाट

काठोड्याच्या वस्तीत कोणालाही विचारा, पूर्णा नदी इथून किती लांब? माणूस केसरबाईच्या वावराकडे बोट करून सांगेल, "तिच्या विहिरीपासून सात ओव्या." फूट नाही, मीटर नाही, ओव्या.

त्याचं असं झालं होतं. हा सगळा मुलूख खारट पाण्याचा. हापशाचं पाणी तोंडात धरवत नाही, चहात दूध घातलं की फुटतं. केसरबाईच्या सासऱ्यानं बाहत्तरच्या दुष्काळात आपल्या नदीकाठच्या वावरात विहीर खोदली आणि तिला नदीच्या झिऱ्याचं गोड पाणी लागलं. त्या काळी गावच्या विहिरीवर वस्तीच्या बायांना कोणी उभं करत नव्हतं. चाळीस घरं या एका विहिरीवर जगली. ज्या नदीनं पाणी गोड केलं तीच दर पावसाळ्यात काठाची थडी खात होती, म्हणून म्हातारा दरसाल विजयादशमी झाली, पूर उतरला, की विहिरीपासून थडीपर्यंत पावलं मोजत जायचा. तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्यानं हे काम सुनेला दिलं. सुनेला वीसच्या पुढं आकडे येत नव्हते, पण ओव्या येत होत्या. एक ओवी दोनदा म्हटली की वीस पावलं होत. पहिल्या साली थडीवर पोचेस्तोवर सात ओव्या संपल्या. पहिली विहिरीची, दुसरी सासऱ्याची, तिसरी भीमरायाची, चौथी मायची, पाचवी भावाची, सहावी कपाशीची आणि सातवी पूर्णेची.

त्याला आता पस्तीस वर्षं होत आली. केसरबाई साठीला टेकली, नवरा माणिकराव जाऊन सहा वर्षं झाली, पण मोजणं चुकलं नाही. यंदा भादव्यातल्या पुरात कपाशीच्या पाच ओळी उभ्याच्या उभ्या पाण्यात गेल्या होत्या. धप्प असा आवाज झाला आणि जिथं बोंडं होती तिथं आभाळ दिसायला लागलं. दसऱ्यानंतर केसरबाईनं मोजलं, तर साडेसहा ओव्या. मागच्या सालीही साडेसहाच होत्या.

"पाच ओळी गेल्या अन् मोजमाप तेवढंच?" सून मंजुश्रीनं विचारलं होतं.

"जमीन उताराले लागली असन," केसरबाई म्हणाली होती. "नदी थकली माय आता. पस्तीस सालात अर्धी ओवी खाल्ली तिनं. माह्यासारखी म्हातारी झाली ते बी."

तो दिवस कपाशीच्या दुसऱ्या वेचणीचा होता. ऊन वर आलं होतं. सासू-सुना पोटाशी फडकं बांधून ओळीनं चालल्या होत्या. केसरबाईच्या गुडघ्यांना बसणं-उठणं सोसत नव्हतं, म्हणून ती वरवरची बोंडं वेचायची आणि खालची सुनेला ठेवायची. बोटांच्या टोकांना बोंडाचे काटे लागून बारीक रक्त येत होतं. तेवढ्यात बांधावर पांढरी गाडी थांबली. मुलगा रवी पुढून पळत आला.

"माय, थडीले भिंत बांधनारे आले. नदीचा सर्वे."

गाडीतून दोघं उतरले. एक पाटबंधारेचे शाखा अभियंता, हरिओम साहेब. पोट सुटलेलं, गळ्यात रुमाल. दुसरी हीना, विशीबाविशीची मुलगी, मलकापूरची. नागपूरच्या नकाशाच्या दफ्तरात नोकरीला. तिच्या हातात पाटीएवढा मोबाईल होता आणि बुटांना तीन गावांचा चिखल.

"मावशी, विहिरीवर बसू या का? स्क्रीन उन्हात दिसत नाही," हीना म्हणाली.

विहिरीवरच्या लिंबाच्या सावलीत सगळे बसले. वस्तीतल्या दोन-तीन बाया पाणी भरत होत्या, त्याही थांबल्या. हीनानं पाटी पुढं धरली. हिरवं-तपकिरी चित्र, मधून मातकट पट्टा गेलेला, आणि त्याच्या कडेनं चार रंगांच्या चार रेघा.

"हे आकाशातून काढलेले फोटो आहेत, मावशी. उपग्रहानं. ही पिवळी रेघ म्हणजे नव्वद सालचा काठ, ही केशरी दोन हजारचा, ही गुलाबी दहाचा. आणि लाल म्हणजे आजचा."

केसरबाईनं डोळे बारीक केले. "वरून पाह्यते ते? मंग माहं डोस्कं दिसते का त्यात?"

"नाही हो. एवढं बारीक दिसत नाही. जुन्या फोटोत एक ठिपका तीस मीटरचा. तुमचं घर म्हणजे एक ठिपका सुद्धा भरत नाही."

"म्हंजे मी ठिपक्यातबी नाई," केसरबाई म्हणाली, आणि पाणी भरणारी बेबीताई तोंडाला पदर लावून हसली.

हीनानं पिवळ्या रेघेपासून लाल रेघेपर्यंत बोट ओढलं. "त्रेचाळीस मीटर गेलं इथलं. शेजारच्या भगवानरावांच्या वावरापेक्षा जास्त."

रवी उभा राहिला. "मंग झालं तं साहेब! तीस मीटरच्या वर गेलं का भिंतीच्या पयल्या यादीत नाव, तुमीच म्हनलं होतं."

हरिओम साहेबांनी पिशवीतून फाईल काढली. त्यांना घाई नव्हती. आवाजही चढा नव्हता. "दोन हजार सोळानंतरचे फोटो स्वच्छ आहेत, ते मी मानतो. पण त्याच्या आधीचं? तीस मीटरचा एक ठिपका. रेघ इकडची तिकडं झाली तर एवढा फरक त्यातच पडतो. गावनकाशा पाहावा तर त्यात नदी इंग्रजाच्या काळातली. भगवानरावांकडे जुन्या मोजणीचा कागद आहे. तुमच्याकडं काय आहे?" त्यांनी एक पान काढून वाचलं. "तीन वर्षांपूर्वीच्या पुराचा पंचनामा. 'शेतमालक केसरबाई माणिकराव यांनी समक्ष चालून दाखविले. विहिरीपासून काठ पूर्वी एकशे चाळीस पावले, हल्ली एकशे तीस पावले. दहा पावले, म्हणजे पंचवीस फूट जमीन खचली.' खाली सही. ही तुमचीच ना, आजी?"

सही केसरबाईचीच होती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली, 'के'ची मात्रा जरा लांब गेलेली. तिला तो दिवस आठवला. तलाठी मागं मागं, वस्तीतली माणसं दोन्ही अंगांनी, आणि ती ओव्या म्हणत पुढं. तलाठी म्हणाला होता, 'बाई, तुमच्यासारखा हिशोब माझ्या दफ्तरात नाही.' त्या बोलावर तिनं आठवडाभर दिवस काढले होते.

"हाव," ती म्हणाली. "माहीच हाय. अन् खोटं नाई त्यात. आजबी चालून दाखवतो."

"दाखवा."

ती उठली. आधी हात गुडघ्यावर, मग लिंबाच्या बुंध्यावर, मग कमरेवर. विहिरीच्या कठड्याला पाठ लावली आणि निघाली. ओठातल्या ओठात ओवी चालली:

खाऱ्या मुलखात माझ्या । गोड विहिरीचं पानी
सासऱ्यानं खंदताना । मातीचं गं केलं लोनी

तिच्या मागून हीना टेप सोडत गेली. थडीवर पोचली तेव्हा सातवी ओवी एकदाच म्हणून झाली होती. साडेसहा. केसरबाई वळली. धाप लागली होती, पण चेहरा उजळ होता. "पाहा. साडेसहा. म्हंजे एकशे तीस."

"त्रेपन्न मीटर," हीना टेप पाहून हळूच म्हणाली.

साहेबांनी मोबाईलवर हिशोब केला. "एकशे तीस पावलांत त्रेपन्न मीटर. म्हणजे एक पाऊल सोळा इंचाचं. तलाठ्यानं अडीच फुटाचं धरलं, ते चुकलं. मग आधीचीही एकशे चाळीस पावलं सोळा इंचाचीच धरा. गेली किती? चार मीटर." त्यांनी फाईल मिटली. "आजी, तुम्ही लहान चणीच्या. पाऊल लहान. त्यात तुमचा काही दोष नाही."

"सोळा इंच?" रवी म्हणाला. "साहेब, माही माय आता लंगडून राह्यली. आधी अशी नव्हती चालत."

"आधी कशी चालत होती ते उपग्रहाला दिसलं नाही ना, भाऊ. मलाही नाही. काहीतरी कागद पाहिजे. आम्ही उद्या दुपारपर्यंत खालच्या गावात आहोत. मिळालं तर सांगा."

गाडी गेली. बायांनी घागरी उचलल्या. रवी थडीकडं चालत गेला. विहीर आणि थडी यांच्या मधोमध जमिनीला एक भेग गेली होती. तिच्यात त्यानं तुऱ्हाटी खुपसली. ती हातभर आत गेली.

"अजून दोन पूर," तो म्हणाला. "मंग ही विहीर नदीत. वस्तीनं मंग पानी विकत घ्यावं, अन् ज्याच्यापाशी पैसे नाई त्यानं खारं प्यावं." मग आईकडं न पाहता म्हणाला, "तुले कोनं सांगतलं होतं सही कराले? तुह्या ओव्यांनं घर बुडवलं आपलं."

"रवी," मंजुश्री म्हणाली. "जबान सांभाळून."

केसरबाईनं फडकं पोटाशी बांधलं आणि उरलेल्या ओळीला लागली. वेचता वेचता आपल्याच पायांकडं पाहत होती. रबरी चप्पल, टाचांना भेगा, आणि एका पावलापुढं जेमतेम दुसरं. कोणी आपलं पाऊल चोरून नेलं, इंच इंच, एवढ्या वर्षांत, आणि आपल्याला सुगावा लागला नाही. नदीनं तिकडून खाल्लं आणि वयानं इकडून. ती मधे ओव्या म्हणत राहिली. पाच ओळी गेल्या तेव्हा सुनेनं विचारलं होतं. तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

दिवेलागणीला ती विहिरीवर हातपाय धुवायला गेली. धुण्याच्या दगडावर बसली आणि पायावर पाणी घेतलं. दगड थंड होता. मग तिनं दगडाच्या कडेवर हात फिरवला. शेवाळ. दगड आणि सिमेंटचा ओटा यांच्या मधल्या फटीत तिनं बोट घातलं.

"मंजू," तिनं हाक मारली. "वं मंजू! रवीले सांग, पहार घेऊन ये."

"काऊन? काय झालं आत्याबाई?"

"हा धोंडा हालवाचा हाय."

रवी आला तो तोंड पाडूनच. "आता धोंड्याचं काय?"

"तुह्या बापानं ठेवला हा अथी. माह्यावर रागावून." केसरबाईला बोलताना जरा लाज वाटत होती. "तुहा आबा बिमार पडला, अन् पयल्यांदा मोजाले मी निंघाली. विहिरीपासून निंघाचं, एवढं ध्यानात. तोंडात ओवी, अन् नजर नदीवर. त्याच दिवशी सकाळी गवंड्यानं हा ओटा सिमिट टाकून घोटला होता. मी तशीच चालत गेली त्याच्यावरून. गवंडी मागून बोंबलून राह्यला, अन् मले वाटे, मोजाले माघारी फिरलं का चुकते. म्हून थांबली नाई. आठ दिस बाया हसल्या. मंग तुह्या बापानं धोंडा आनून टाकला, का रोज उठून कोनाच्या नजरेस नको."

रवीनं पहार दगडाखाली घातली. पहिल्या दाबाला दगड हलला नाही. मंजुश्रीनं पदर खोचून हात लावला. दुसऱ्या दाबाला तो उताणा पडला. खाली काळा गाळ, गांडुळं, एक फुटकी बांगडी. मंजुश्रीनं घागरभर पाणी ओतलं आणि नारळाच्या शेंडीनं घासायला बसली. दिवस मावळतीचा, पण उजेड होता. आधी टाच निघाली. मग पाच बोटं. डावं पाऊल. त्याच्या पुढं, पार दगडाच्या दुसऱ्या कडेला, उजवं.

रवी पहार धरून उभा होता. त्यानं एकदा पावलांकडं पाहिलं, एकदा आईकडं.

"माय," तो म्हणाला. त्यानं मोबाईल काढला आणि हीनाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा विहिरीवर बायांची जत्रा होती. हरिओम साहेब ओट्याजवळ आले, आधी उभ्यानं पाहिलं, मग रुमाल अंथरून गुडघ्यावर बसले.

"हे यांचंच पाऊल कशावरून?"

"चप्पल काढ वं केसर," बेबीताई म्हणाली.

केसरबाईनं चप्पल काढली. सगळ्यांच्या देखत लुगड्याचा काठ जरा वर धरला आणि डावा पाय त्या डाव्या पावलात ठेवला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, लहानपणी बैलानं पाय दिल्यापासूनची. सिमेंटातली करंगळीही तशीच चढलेली होती.

"आणि साल?" साहेबांनी विचारलं. आता आवाज वेगळा होता.

हीना ओट्याच्या कोपऱ्यात आधीच वाकली होती. गवंड्यानं काम संपल्यावर थापीच्या टोकानं ओढलेली तारीख शेवाळाखाली होती. तिनं नखानं ती कोरून मोकळी केली. "पाच, अकरा, नव्वद. सर, माझा पिवळ्या रेघेचा फोटो त्याच महिन्यातला आहे."

टेप लागली. टाचेपासून टाचेपर्यंत सत्तावीस इंच.

"सत्तावीस!" बेबीताई म्हणाली. "बाप्पा, तू तं हरनी होतीस वं केसर! अन् आमाले सांगे, सासुरवासात हळू चालाव लागे म्हून."

बाया हसल्या. केसरबाईही हसली. साहेब मोबाईलवर आकडे दाबत होते. एकशे चाळीस गुणिले सत्तावीस. तीनशे पंधरा फूट, शहाण्णव मीटर. त्यातून आजचे त्रेपन्न वजा.

"त्रेचाळीस," ते म्हणाले.

हीनानं पाटीवरचा तोच आकडा त्यांच्यापुढं धरला. साहेबांनी पाहिलं आणि मान डोलावली.

"नवा पंचनामा करावा लागेल," ते म्हणाले. "पण आजी, आधीचा तुमचाच आहे. तो का चुकला ते तुमच्या तोंडून पाहिजे. नाहीतर वर कोणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवील आणि दोन्ही फेकून देईल."

रहाटाचा दोर पाण्यावर थेंब टाकत होता. केसरबाईनं पदर डोक्यावरून नीट केला.

"लिवा," ती म्हणाली. "मी, केसरबाई माणिकराव. मी नदी मोजत होती. पाय माहे आखूड झाले, ते मले समजलं नाई. ओवी तेवढीच राह्यली, पाऊल लहान झालं. जमीन गेली ते खरं हाय. मी मोजली ते चुकलं."

साहेबांनी शब्दाला शब्द लिहिलं. तिनं सही केली. 'के'ची मात्रा याही वेळी लांब गेली.

"पहिल्या यादीत घालतो," निघताना साहेब म्हणाले. "भिंत पावसाळ्याच्या आत होईल की नाही, हे मी सांगणार नाही. माझ्या हातात यादी आहे, दगड नाहीत."

"यादी तं यादी," रवी म्हणाला. तो त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला.

हीना मागं राहिली होती. तिनं त्या दोन पावलांचा फोटो काढला, विहिरीचा काढला. "मावशी, दर दसऱ्याला कोणी नीट मोजून मला फोनवर कळवलं, तर मी ते रेघांशी जुळवून पाहीन. वरून जे दिसत नाही ते तुमच्याकडून कळेल."

"मी नाई आता," केसरबाई म्हणाली. "माह्या पायाचा भरवसा गेला. हे मोजन." तिनं सुनेकडं हनुवटी केली. "चाल मंजू. विहिरीपासून निंघ. घाई नको, अन् लाजू बी नको. तुह्या चालीनं चाल."

मंजुश्रीनं कठड्याला पाठ लावली. डावं पाऊल जुन्या डाव्या पावलात पडलं, उजवं उजव्यात, जवळजवळ बरोबर. ती ओवी म्हणत निघाली. सासूचा गळा तिला नव्हता, पण शब्द ठाऊक होते. केसरबाई काठी टेकत तिच्या मागं. हीना त्यांच्या मागं. विहिरीची ओवी दोनदा झाली, सासऱ्याची दोनदा. कपाशीच्या वेचलेल्या ओळींतून भीमरायाची झाली:

भीमराया माझा बाई । पाटीपेन्सिलीचा धनी
त्यानं दिलं हाती माझ्या । माझ्या हक्काचं गं पानी

भेग मागं टाकून मंजुश्री पुढं गेली, तेव्हा मायची ओवी लागली होती. ती एकदा झाली. दुसऱ्यांदा सुरू झाली.

मायच्या घराची वाट । चालून गं बाई सरंना
पदराची गाठ माझ्या । कोनी येऊन...

मंजुश्री थांबली. पुढं जमीन नव्हती. पायाखालून मातीचा एक लपका सुटला आणि बऱ्याच वेळानं खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला. ती एक पाऊल मागं सरली.

"आत्याबाई, तीन झाल्या. चौथी सरली नाई अजून." तिनं समोर पाहिलं. पूर्णा मातकट, शांत, उन्हात पसरलेली. "बाकीच्या?"

केसरबाई तिच्याशेजारी येऊन काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. भावाची ओवी, कपाशीची, पूर्णेची. पस्तीस वर्षं ती जमिनीवरूनच म्हणत आली होती, असं तिला वाटत होतं.

"त्या तथी हायेत," तिनं पाण्याकडं पाहून सांगितलं. मग सुनेच्या दंडाला धरून तिला आणखी एक पाऊल मागं घेतलं. "इतल्यावर थांबत जाय. अन् ह्या पोरीले सांग, साडेतीन अन् वर सात पावलं. लिवून घे म्हना."

हीनानं लिहून घेतलं.

केसरबाई मात्र लगेच वळली नाही. ओठातल्या ओठात, कोणाला ऐकू जाईल न जाईल अशी, सातवी ओवी तिनं उभ्या जागी म्हटली. पाय हलवला नाही.

पूर्णा बाई येते माझी । पाहुनी गं घडीभरी
पाय धुवून जाय माय । नको बसू माझ्या घरी

एकदाच म्हटली. मग फडकं पोटाशी बांधून वेचायला गेली.